वाघोबापुढून, न थांबता

पालघरवरनं मनोरला जायचं तर मधे डोंगर आडवा पडलाय. रस्ता वळत वळत वर जातो आणि माथ्यावर वाघोबाची खिंड लागते. ती खिंड सायकलवर बसून, एकदाही पाय न टेकता कोण चढतं असं पालघरजवळच्या आमच्या माहीम गावात कोणालाही विचारा. नाव एकच सांगतील. रुचिता पागधरे. आणि कोणाची कोण असं विचारलं तर सांगतील, चिंतू इंजिनवाल्याची बहीण.

तो चिंतू मी. आठवी शिकलोय. त्याच्यापुढं शाळेत माझ्या कामाचं काय नव्हतं. बोटीचं इंजिन मी आवाजावरनं ओळखतो. केळव्यापासनं सातपाटीपर्यंत कुठलीबी बोट बंद पडली तर पयला फोन मला येतो. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाय, हाय ते सांगतो. पण आज माझं नाय, रुचिताचं सांगायचंय. तिला सांगायला लावलं तर ती दोन शब्दांत संपवेल. म्हणून मी सांगतो.

आमचे बाबा, हरेश्वर पागधरे. कोळीवाड्यात जन्मले पण बोटीवर नाय गेले. म्हणजे तरुणपणी गेले, तवा जाळ्याच्या दोरात उजवा हात सापडला. बोटं वाचली पण वाकेनात. जाळं ओढता येईना. मग आय जे बोंबील नि करंदी सुकवायची, ते बाबा पाट्या भरून सायकलला बांधायचे नि खिंड चढून पलीकडं मनोरच्या बाजारात विकायला न्यायचे. सुकी मच्छी विकायची म्हणजे आमच्यात बायांचं काम. गाव हसायचं.

"काय हरेश्वर, लुगडं कवा नेसतोस?"

बाबा सायकल न थांबवता बोलायचे, "तू ये खिंड चढून माझ्यासंगती. वर पोचलास तर दोघं नेसू."

कोणी आलं नाय कदी.

माथ्यावर वाघोबाचं देऊळ अगदी रस्त्याला चिकटून हाय. ट्रकवाला असो नायतर टेम्पोवाला, तिथं ब्रेक दाबणार, हात जोडणार, मग पुढं. बाबांची रीत वेगळी. ते सायकल स्टँडवर लावायचे, पाटीतनं सुक्या बोंबलाची एक चांगली जोडी निवडायचे आणि देवापुढं ठेवायचे. मोडका बोंबील नाय चालायचा. आमचा देव पाण्यातला, हा रानातला. बाबा बोलायचे, "दुसऱ्याच्या अंगणातनं जातोय, तर आवाज देऊन जावं." एवढ्या वर्षांत वाघोबापुढून न थांबता ते एकदाही गेले नाय. पाऊस असला तरी नाय, बाजाराला उशीर झाला तरी नाय.

मी बोटीवर असायचो, त्यामुळं ह्या खिंडीच्या फेऱ्या रुचितानं केल्या. शाळेच्या सुट्टीत ती बाबांबरोबर जायची. चढ लागला की मागनं पाटीला खांदा लावून ढकलायची. नऊ-दहा वर्षांची असेल. एकदा अर्ध्या चढावर ती बोलली, "बाबा, तुमी ढकला. मी चालवते."

बाबा बोलले, "तुजा पाय पोचतो का पायडलला?"

"उभी राहून चालवते."

आणि उभी राहून चालवली. बाबा मागनं ढकलत होते, ते वळणापर्यंत. वळणानंतर त्यांनी हात काढला. तिला कळलंच नाय. वर जाऊन मागं बघते तर बाबा लांब खाली, कमरेवर हात ठेवून दम खात उभे. हे बाबांनी गावात इतक्यांदा सांगितलं की लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे. बढाई मारायची आमच्या घरात एकालाच येते असं नाय.

मोठी झाल्यावर ती बोईसरला कंपनीत पॅकिंगला लागली. पालघरपर्यंत सगळे रिक्षानं नि पुढं गाडीनं जातात. ही माहीमवरनं थेट सायकलनं. बाबांचीच सायकल, मागं कॅरिअर तसाच, मच्छीचा वास तसाच. बोईसरच्या रस्त्यावर एका रविवारी टाइट कपडेवाली दहा-बारा सायकलवाली मंडळी चालली होती. ही ओव्हरटाइमला उशीर झाला म्हणून त्यांच्या बाजूनं पुढं निघून गेली. त्यांच्यातला एकजण जीव खाऊन तिच्या मागं आला. तो मेहुल. बोईसरला त्याचं टाइल्सचं दुकान हाय.

"ताई, तुमच्या सायकलला गिअर किती आहेत?"

"गिअर नाय. ब्रेक पण एकच हाय."

मेहुल आजपण हे सांगताना स्वतःच्या कपाळाला हात लावतो. त्यानं आपली जुनी रेसची सायकल तिला चालवायला दिली. हलकी इतकी की आय एका हातानं उचलून बोलली, "ही काय सायकल? हिच्यावर पाटी कुठं बांधणार?"

दोन वर्षं ती त्या सायकलवर खिंड चढली. दर रविवारी, सुट्टी असली की. वर पोचली की उतरायची, खिशातनं बोंबलाची जोडी काढायची, ठेवायची. मेहुलची माणसं हसायची पयली पयली. मग त्यांनाबी सवय झाली. ती थांबली की तेबी थांबायचे.

ह्या जानेवारीत रेस ठेवली होती. पालघरवरनं निघायचं, खिंड चढायची, वाघोबाच्या देवळासमोर चुन्याची रेघ, ती ओलांडली की झालं. बायांमधे जी पयली येईल ती जिल्ह्याच्या टीममधे जाणार, राज्याच्या रेसला. जागा एकच. रुचिताला ती जागा पाहिजे होती. तिनं तसं कोणाला सांगितलं नाय, पण कंपनीत तिनं सुट्टीचा अर्ज आधीच टाकून ठेवला होता, राज्याच्या रेसच्या तारखांचा. मागणारी मुलगी नाय ती. त्यामुळं तिनं काय मागितलं की आमी समजायचो की किती पाहिजे ते.

एकच अडचण होती. रेसमधे थांबणार कशी? रेघ देवळासमोर, मागनं पोरी येणार, थांबून बोंबील ठेवत बसली तर धडकतील.

बाबांनी तोडगा काढला. बोलले, "तू थांबू नको. मी आधीच जाऊन बसतो वर. तुजी जोडी मी ठेवतो. तुज्या वाटचं मी थांबतो."

ती बोलली, "नक्की?"

"अग, मी कवा नाय थांबलो?"

रेसच्या आधीच्या आधीच्या बुधवारी सकाळी बाबा अंगणात बांबूवर बोंबील पलटत होते. पलटता पलटता खाली बसले. आय बोलली, उन्हात काय बसता. उत्तर आलं नाय. मी माझ्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानातनं धावत आलो तवा त्यांच्या हातात बोंबील तसाच होता. वाकत नव्हती ती बोटं, पण त्यादिवशी त्यांनी तो घट्ट धरला होता.

पुढचं सगळं मी केलं. लाकडं आणली, माणसं बोलावली, भटजी आणला, नातेवाइकांना फोन केले. लोक बोलले, चिंतू, तू बरा खंबीर हायस. खंबीर बिंबीर काय नाय. मला काय वाटतच नव्हतं. इंजिन बंद करून बोट लाटेवर सोडली की कशी ती हलते, पण जात कुठं नाय, तसं. मी जेवत होतो, झोपत होतो. कोणी रडलं की मी त्यांना पाणी देत होतो.

रुचिता पडवीत बसायची. सायकल उलटी करून ठेवली होती तिनं, चाकं वर. एका हातानं पायडल फिरवायची. चाक फिरायचं, थांबायचं, ती परत फिरवायची. आयनं एकदा सांगितलं, बाई, तो आवाज बंद कर. तिनं बंद केला. थोड्या वेळानं परत आवाज आला.

शुक्रवारी दहावं झालं. खाडीवर माझं डोकं भादरलं. तेरावं सोमवारी. तेराव्याला घर शुद्ध होणार, सुतक फिटणार.

आणि रेस रविवारी.

शनिवारी मेहुल आला. दारातच उभा राहिला, आत येऊ की नको असं करत. मी त्याला बसवला. आमची नलू आत्या, बाबांची मोठी बहीण, तीबी बसलेली. मेहुलनं विचारलं, "रुचिता, उद्याचं काय करायचं? तू नको म्हणालीस तर मी नाव काढून घेतो."

रुचिता बोलली, "बाबा बोलले होते, जा."

नलू आत्या बोलली, "रेसला जा नायतर बाजाराला जा, कोण अडवतं? पण सुतकात देवापुढं उभं राहायचं नाय. तुजी रेघ कुठं मारलीय? वाघोबाच्या दारात."

मी बोललो, "आत्या, एक दिवसाचा तर फरक हाय."

"एक दिवस काय नि एक तास काय. अर्धी बुडालेली बोट तू तरंगती म्हणतोस का?"

इंजिनवाल्याला असं बोलल्यावर काय बोलणार. मी गप्प बसलो. मी गप्प बसलो हे नलू आत्या अजून सगळ्यांना सांगते.

मेहुल बिचारा हिशोब लावत होता. "म्हणजे थांबायचं नाही, बरोबर? मग रेसमध्ये कुठे थांबायचंय? ती सरळ जाईल."

"न थांबता जायचं नाय," आय आतनं बोलली. तेवढंच. ती बाबांची रीत होती.

म्हणजे बगा. सुतक बोलतं थांबू नको. बाबा बोलायचे थांबल्याशिवाय जाऊ नको. आणि तिच्या वाटचं थांबणारा माणूस गेलेला.

मग मी झिपरूला फोन लावला. झिपरू म्हणजे खिंडीच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यावरचा. डोंगरउतारावर भात लावतो. बाबांचा दोस्त. बाबा त्याला बोंबील द्यायचे, तो बाबांना तांदूळ द्यायचा, चाळीस वर्षं. वाघोबा त्यांचा देव, तर त्यांनाच विचारलेलं बरं, हे माझ्या डोक्यात आलं. दुसऱ्या कोणाच्या आलं नव्हतं.

झिपरूनं सगळं ऐकून घेतलं. मग बोलला, "रस्ता हाय तो. सुतकातला मानूस काय रस्त्यानं जात नाय? डॉक्टरला नाय जात? मान खाली घालायची नि जायचा. देवाकडं बगायचा नाय, थांबायचा नाय. वाघोबाला समजतो. एक येळ समजतो."

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं. नलू आत्यानं बरं म्हणून मान हलवली. मेहुलनं हुश्श केलं. आय आत गेली. रुचिता उठली नि सायकल सरळ करून उभी केली.

झालं. ठरलं. मान खाली, न थांबता, सरळ. आमी एवढे शहाणे बसलेलो त्या पडवीत, मी धरून. वर कसं जायचं ह्याचा विचार सगळ्यांनी केला. वरनं परत कसं यायचं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाय.

रविवारी सकाळी मी मोटारसायकलनं पुढं गेलो. मलाबी देवापुढं जाता येत नव्हतं, मी तर मुलगा, अग्नी दिलेला. म्हणून देवळाच्या खालच्या शेवटच्या वळणावर थांबलो. कठड्यावर बसलो. डोक्यावर टॉवेल टाकलेला, थंडी होती. इथनं देऊळ दिसत नाय, पण वरच्या भोंग्याचं बोलणं ऐकायला येतं. माकडं बसलेली रस्त्याकडंला. एक माकड माझ्याकडं बघत होतं. मी त्याच्याकडं बघत होतो.

आधी बाप्ये आले. मग बराच वेळ कोणी नाय. मग ती आली.

एकटी. तिच्या मागं रस्ता रिकामा. उभी राहून नाय, बसून चढत होती, एका लयीत, जसं काय सपाट रस्ता हाय. मी दहा बोटींचं इंजिन ऐकलेला माणूस, मला आवाजावरनं कळतं कुठं दम संपलाय. तिचा दम संपलेला नव्हता. चेहऱ्यावर काय नव्हतं. घाम पण वाहतोय हे तिला ठाऊक नसावं. मी उठून उभा राहिलो. ओरडणार होतो, शाबास, जा. तोंड उघडलं पण काय आलं नाय. तिनं माझ्याकडं बघितलं, म्हणजे डोळे माझ्यावर आले नि गेले. मग तिनं मान खाली घातली आणि वळणामागं गेली.

वरनं भोंगा ओरडला, "महिलांमध्ये पहिली! नंबर..." मग टाळ्या. मग भोंगा बोलला, "ताई, थांबा. ताई, थांबा! अहो ताई!"

मग भोंगा बंद झाला.

मला मेहुलचा फोन आला. "चिंतूभाऊ, ती थांबली नाही."

"थांबायचं नव्हतंच."

"अहो, पण ती गेली."

"कुठं?"

"खाली. मनोरच्या बाजूला. रेघ ओलांडली आणि तशीच पुढे."

तवा मला कळलं. ती थांबणार कुठं? देवळासमोरचा सगळा माथा देवापुढचाच. थोडं पुढं जाऊन थांबली तरी परत कशी येणार? परत यायचं तर पुन्हा वाघोबापुढूनच. आणि झिपरूनं सांगितलेलं, एक येळ समजतो.

मेहुल तिच्या मागं गाडी घेऊन गेला. मी वळणावरच. तेवढ्यात वरनं एक मॅडम चालत खाली आल्या, गळ्यात शिट्टी, हातात पॅड. ठाण्याच्या होत्या बहुतेक. वर कोणीतरी सांगितलं असणार की तिचा भाऊ खाली हाय.

"तुम्ही तिचे कोण?"

"भाऊ. मोठा."

"मग वर या ना. टेबलापाशी बोलू."

"वर येता येत नाय. सुतक हाय." मी टॉवेल काढून डोकं दाखवलं.

मॅडम थोड्या नरमल्या. "कोण गेलं?"

"वडील."

"अरे. मग ती कुठे गेली?"

"मनोरला."

"मनोरला कशाला?"

"इथं थांबता येत नाय म्हणून."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागच्या माकडाकडं बघितलं. "परत कधी येणार?"

"उद्या."

"उद्या?"

"उद्या तेरावं. उद्या सुतक फिटतं. मग येईल की, स्वतः येईल. सायकल घेऊन येईल. तुमी टेबल उद्यापर्यंत ठेवा."

त्या वाईट नव्हत्या. समजावून सांगत होत्या. बोलल्या, "दादा, तिचा टाइम मशिनने घेतलाय, तो कोणी खात नाही. पण रेस संपल्यावर स्वारानं स्वतः, सायकलसकट टेबलापाशी यायचं. सायकल तपासायची, सही करायची. बक्षिसं वाटायच्या आत. नाहीतर बाद. हे सगळ्यांना आधी सांगितलंय."

"टेबल इथं आणा मग. ह्या वळणावर. देवळाच्या खाली."

"आणलं असतं. पण ती इथे आहे का?"

ती डोंगराच्या पलीकडं होती.

मेहुलनं तिला पायथ्याच्या अलीकडंच गाठलं. पुढचं त्यानं सांगितलेलं. त्यानं गाडी आडवी घातली, बोलला, "रुचिता, तू पहिली आहेस! चल, सायकल वर टाक, गाडीत बस, वेळ आहे अजून."

ती बोलली, "गाडी कुठनं जाणार?"

"कुठनं म्हणजे? खिंडीतनं."

"मग नाय."

"अगं, गाडीत बसायचं फक्त. डोळे मिट. मी चादर टाकतो तुझ्यावर पाहिजे तर. पाच मिनिटांचं काम आहे. टीम, रुचिता, टीम! परत कधी येणार अशी संधी?"

मेहुल सांगतो, ती बराच वेळ हँडलकडं बघत होती. त्याला वाटलं बसते आता. मग बोलली, "बाबा असते तर ते माझ्या वाटचं थांबले असते. एकदा मी तशीच गेले. दुसऱ्यांदा नाय जाणार."

"मग घरी कशी जाणार?"

"हायवेनं. चिल्हार फाट्यावरनं बोईसर. माझा रोजचाच रस्ता हाय पुढं."

आणि पायडल मारून गेली. मेहुल बोलला, चिंतूभाऊ, मी रडलो तिथे. मी बोललो, बरं झालं, कोणीतरी रडलं.

वर बक्षिसं वाटली. मला भोंग्यातनं ऐकायला आलं. वसईची उन्नती म्हणून मुलगी, जिल्ह्याच्या टीममधे तिचं नाव पुकारलं. मी मोटारसायकलला किक मारणार तर ती मुलगी स्वतः चालत खाली आली, गळ्यात हार तसाच. सायकलच्या बुटात चालताना पाय घसरत होते तिचे.

"तुम्ही रुचिताचे दादा ना?"

"हो."

"ती माझ्या पुढे होती. खूप पुढे. शेवटच्या दोन वळणांवर तर ती मला दिसलीसुद्धा नाही." गळ्यातला हार सारखा केला तिनं. "हे मला तुम्हाला सांगायचं होतं."

मी बोललो, "मला ठाऊक हाय." दुसरं काय बोलणार? पण चांगल्या घरची मुलगी, हे लिहून ठेवतो.

मी डोंगर उतरलो, पालघर, बोईसर करत बेटेगावला जाऊन थांबलो. चिल्हारवरनं येणारी तिथनंच येणार. नाक्यावर टपरी हाय वडापावची. बाकावर दोन कामगार बसलेले, हिंदीत बोलत होते, कुठल्या तरी सुपरवायझरला शिव्या देत. मी ऐकत बसलो. ऐकायला बरं वाटत होतं, कारण ते दुसऱ्याचं होतं.

दुपार झाली तवा ती आली. सायकलवरनं उतरली आणि उतरल्यावर तशीच उभी राहिली, हँडल धरून. मी बोललो, सोड. ती बोलली, "सुटत नाय." बोटं हँडलला तशीच आवळलेली. मी एकेक करून सोडवली. बाबांच्या बोटांसारखीच झाली होती; त्यांची वाकायची नाय, हिची सरळ होईनात. तिला चहा दिला तर गिलास धरता येईना. मग मी धरला. ती प्यायली. मी कोणाला गिलासानं चहा पाजलेला नाय कदी, माझ्या पोराला पण नाय.

"पाय दुखतात?"

"ठाऊक नाय," ती बोलली.

मी तिला सगळं सांगितलं. टेबल, मॅडम, सायकल तपासायची. कोणाला जागा मिळाली ते.

"उन्नती?" ती बोलली. "चांगली चढते ती."

"तू पयली होतीस."

"हो."

"मग तुला काय वाटत नाय?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला, मला दिसलं. "वाटंल," ती बोलली. "आता नाय वाटत." मग बोलली, "वडापाव सांग ना एक."

एक सांगितला. तिनं दोन खाल्ले. बोटं उघडत नव्हती म्हणून दोन्ही तळहातांत धरून खाल्ले. मी बाकावर बसून बघत होतो. हिंदीवाले पण बघत होते. एकानं विचारलं, "दीदी कहाँ से आ रही है?" मी त्याला सगळं सांगितलं, पयल्यापासनं, खिंडीची उंची थोडी वाढवून. त्यानं तिच्या वडापावचे पैसे देऊ का विचारलं. मी नाय देऊ दिले. माझ्या बहिणीचं मी देईन.

सोमवारी तेरावं झालं. घर धुतलं, गोमूत्र शिंपडलं, माणसं जेवून गेली. दुपारी रुचितानं सायकल काढली. बाबांची जुनी, कॅरिअरवाली. आयनं न विचारता डब्यातनं बोंबील काढले, उलटसुलट करून बघितले, एक जोडी निवडून फडक्यात बांधून दिली. मग दुसरी जोडी काढली, तीपण बांधली.

मी मोटारसायकलनं मागं मागं गेलो. चढावर मी पयल्या गिअरवर, ती पुढं. बिनगिअरची जड सायकल. तरी पाय टेकला नाय तिनं. शेवटच्या वळणापर्यंत मी मागं, आणि आज मलापण वर जाता येत होतं, तर गेलो.

माथ्यावर काल रेस झालेली कळत पण नव्हती. चुन्याची रेघ तेवढी होती, गाड्या जाऊन जाऊन अर्धी पुसलेली. ती रेघेवर थांबली. सायकल स्टँडवर लावली. फडकं सोडलं. एक जोडी देवापुढं ठेवली, मग दुसरी बाजूला ठेवली. एक तिची. एक बाबांच्या वाटची. बाबा बोलले होते ना, मी थांबतो.

मी कदी बाबांबरोबर इथं आलो नव्हतो. ते इथं काय बोलतात मला ठाऊक नव्हतं. ती हात जोडून बोलली, जसं शेजारच्या घरात हाक मारतात तसं, मोठ्यानं, "वाघोबा, जाते हो पलीकडं. मागं घराकडं लक्ष असू दे." आणि मग तिनं माझ्याकडं बघितलं, आता तू.

मी बोललो तेच. आवाज आला ह्या वेळी.

छातीवर लावायचा तो रेसचा नंबर तिनं मला देऊन टाकला. तिला नको होता. तो माझ्या दुकानात टांगलाय, इंजिनच्या पट्ट्यांच्या बाजूला. येणारा प्रत्येकजण विचारतो, हे काय? मी सांगतो, माझी बहीण जिल्ह्यात पयली आली त्याचा हाय. कोण बोलतं, पण टीममधे तर ती वसईवाली गेली. मी बोलतो, टीममधे ती गेली. पयली ही आली. तुझं इंजिन दुरुस्त करून पाहिजे ना? मग ऐक.

रुचिता कंपनीत जाते रोज. रविवारी खिंड चढते. पुढच्या वर्षी रेस हायच. मी तिला विचारलं, जाशील ना?

ती बोलली, "तू वर येऊन बसशील?"

मी बोललो, "बसेन."

"बोंबील घेऊन?"

"चांगली जोडी घेऊन," मी बोललो. "मोडकी नाय."